वरच्या खिळ्यावरचा बिल्ला

१

एप्रिलच्या पहिल्या शनिवार-रविवारी कुठल्या डोंगरावर स्की करायला जायचं, हे आमच्याकडे चिठ्ठ्या टाकून ठरतं. नियम तीनच. गाडीनं तीन तासांच्या आत पोचलं पाहिजे, कारण पेपेरचे गुडघे त्याहून जास्त बसू देत नाहीत. उतार उत्तरेकडे तोंड केलेला हवा, कारण या दिवसांत उन्हाकडच्या बर्फाची दुपारपर्यंत लापशी होते. आणि वाटेत लाल हॉट डॉग मिळाला पाहिजे. हा तिसरा नियम मार्गोचा, आणि तोच सगळ्यात कडक पाळला जातो.

आम्ही घरात चौघं. मी जिनेट, नवरा वेन, आमची अकरा वर्षांची मार्गो आणि वेनचे वडील. त्यांना लहानथोर सगळे पेपेर म्हणतात, म्हणजे आजोबा. मी सून, तरी मीही तेच म्हणते.

गुरुवारी जेवणं आटोपली आणि मी कॉफीचा जुना पत्र्याचा डबा टेबलावर आणला. हा डबा माझा. लग्नाआधी नऊ हिवाळे मी कॅलेब नावाच्या एका लहान डोंगरावर गस्तीचं काम केलं, म्हणजे पडल्या-अडकल्या स्कीवाल्यांना सांभाळायचं. दिवस संपताना कुठल्या उतारावरची शेवटची फेरी कुणी मारायची, ते आम्ही याच डब्यातून चिठ्ठ्या काढून ठरवायचो. पुढं तो डोंगर बंद पडला आणि डबा माझ्या घरी आला.

"दरवर्षी मी एकच नाव लिहितो आणि दरवर्षी हरतो," पेपेर कुरकुरले. "याला मतदान म्हणत नाहीत, म्हाताऱ्याची थट्टा म्हणतात."

"पेपेर, तुझ्या डोंगरावर लिफ्टच नाहीये!" मार्गो म्हणाली. "धरून वर जायची एक दोरी आहे नुसती. तीपण तुझ्याएवढी म्हातारी."

"पण अजून ओढते, बाळा. दोघंही अजून ओढतो."

वेननं डबा उपडा केला. चिठ्ठ्या पाच निघाल्या.

पहिल्या चार आमच्या. पाचवी पिवळट पडलेली, पेन्सिलनं लिहिलेली, आणि तिच्यावर एकच शब्द होता: डीकन. खाली आडवी रेघ. तशी रेघ मारायची खोड माझी होती, तेव्हाची. अक्षरही माझंच होतं.

"हा कुठला डोंगर?" वेननं विचारलं. "दोन दोन चिठ्ठ्या टाकतेस होय? चोरटी कुठली!"

"डोंगर नाही, उतार आहे. कॅलेबवरचा. जुनी चिठ्ठी असेल, तळाला चिकटून राहिली असेल."

डबा मी रविवारीच गरम पाण्यानं, तारेच्या घासणीनं घासला होता. पण घासलेल्या डब्यातही एखादा कपटा कडेला दडून राहू शकतो, नाही का? उगाच साप साप म्हणून भुई धोपटायची सवय मला नाही. मी कपटा चुरगळला आणि केराच्या टोपलीत टाकला.

तेवढ्यात मार्गो फोन नाचवत ओरडली, "आई! कॅलेब उघडलाय! गावातल्या लोकांनी मिळून परत सुरू केलाय. दोन तास दहा मिनिटं. उत्तरेचा उतार. आणि रविवारी तळ्यावरच्या उड्या!"

वेनच्या डोंगरावर वाऱ्यानं लिफ्ट बंद होती. माझ्या डोंगरावर पाऊस सांगितला होता. मार्गोनं लिहिलेला साडेतीन तासांवर होता, आणि दोरीवर जायला पेपेरही तयार नव्हते. तीन हात कॅलेबसाठी वर झाले. मी नको म्हणाले असते, तर कारण द्यावं लागलं असतं. एकोणीस वर्षांत ते मी कुणालाच दिलेलं नव्हतं. मग चौथा हात मीही वर केला.

२

कारण हे होतं.

आमच्या कामात चार वाजता लिफ्ट थांबते. मग गस्तीतला प्रत्येक जण आपापल्या चिठ्ठीचा उतार धरून शेवटचा खाली येतो. प्रत्येक वळणावर थांबायचं, ओरडायचं, "बंद होतंय! कुणी आहे का?" मग मनात दहा मोजायचे आणि कान देऊन ऐकायचं. खाली पोचायच्या आत वॉकीटॉकीवर सांगायचं: अमुक उतार मोकळा. चौकीत एक फळा असायचा. त्यावर खिळ्यांच्या दोन रांगा, वरची 'वर', खालची 'खाली'. सकाळी आपल्या नावाचा पितळी बिल्ला 'वर'ला लावायचा, फेरी संपली की 'खाली'ला. सगळे बिल्ले खाली आल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.

त्या मोसमातला शेवटचा रविवार होता. भुरभुर पाऊस, धुकं. मला डीकन लागला. तिसऱ्या वळणावर मी ओरडले आणि मोजायला लागले. चारवर होते, तेव्हा डावीकडच्या झाडांतून आवाज आला.

"आहे! थांब ना!"

बारीक, पोरीचा आवाज. मी तिकडं वळणार, तोच उताराच्या खालच्या बाजूनं, अगदी जवळून, एक बाई किंचाळली. "जाऊ नकोस!" घोगरा, संतापलेला आवाज. दहा हातांवर. तिथं धुक्याशिवाय काही नव्हतं.

आणि मी पळाले. स्कीला स्की आपटेपर्यंत सुसाट खाली पळाले. वॉकीटॉकीवर म्हणाले, "डीकन मोकळा." बिल्ला खाली अडकवला. गाड्यांच्या तळावर जाऊन उभी राहिले, शेवटची गाडी निघेपर्यंत. एकही गाडी मागं राहिली नाही. कुणी हरवल्याचा फोन आला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. कुणी हरवलंच नव्हतं, तर मग कुणी हाक मारली? खारीनं? पक्ष्यानं? मी स्वतःला सगळं सांगून बघितलं.

मी भित्री बाई नाही. विचारा कुणालाही आमच्या लुइस्टन गावात. त्या एका दिवशी भ्यायले, आणि त्याहून वाईट म्हणजे खोटं बोलले.

३

शनिवारी दहाला आम्ही कॅलेबला पोचलो. ऊन लख्ख होतं. थंडीनं उखडलेल्या रस्त्यावर गाडीनं पेपेरचं हाड न् हाड मोजलं होतं, आणि ते त्यांनी खड्ड्यागणिक सांगितलं होतं. लॉजवर नवा रंग दिला होता. शेगडीवर बर्गर चरचरत होते. लिफ्टच्या खुर्च्या मात्र त्याच, करकरणाऱ्या.

चौकीत डोकावले. टेट नावाचा पंचविशीतला गस्तवाला पाय वर करून बसला होता.

"मी इथंच काम करायचे," मी म्हटलं. "एकोणीस वर्षं झाली."

"काय सांगता, मॅडम! मग ओळखीचं दिसेल काहीतरी." त्यानं भिंतीकडं बोट केलं.

फळा तसाच होता. बिल्ले बहुतेक सगळे खाली, धूळ खात. वरच्या रांगेत एकच. जिनेट.

"हा असा का लावलाय?"

"तसाच सापडला आम्हाला. जुना आहे म्हणून शोभेला ठेवलाय. कुणी हात नाही लावला."

मी तो बिल्ला स्वतःच्या हातानं खाली अडकवला होता. अंगठ्याला पितळेचा गारवा लागला होता तोसुद्धा मला आठवत होता. तरी एकोणीस वर्षांत कुणीतरी भिंत रंगवताना काढून चुकीच्या खिळ्याला लावला असेल. असतात अशी माणसं. मी काउंटरच्या आत गेले, न विचारता, आणि बिल्ला उचलून खालच्या खिळ्याला लावला.

"एकोणीस वर्षांनी सुटली म्हणायची बिचारी!" दारातून पेपेर म्हणाले. टेट हसला. मीही हसले.

मग मुद्दाम डीकनवरच गेले. तिसऱ्या वळणावर थांबले. ऊन, गळणारी झाडं, खाली कुठंतरी रेडिओ. "काय रे, ओरडतोस का?" मी डोंगराला म्हटलं. "ओरड ना आता!" कुणी ओरडलं नाही. मला माझंच हसू आलं. त्या दिवशी मी सहा वेळा डीकन उतरले, मार्गोला घेऊन. तिला तो इतका आवडला की तिनं त्याला आपला उतारच म्हणून टाकलं.

४

रविवारी पाऊस. भुरभुर. दुपारनंतर धुकं असं उतरलं की लिफ्टचा तिसरा खांबही दिसेना.

सकाळी चौकीवरून जाताना नजर गेलीच. बिल्ला वरच्या खिळ्यावर होता.

"टेट, हा कुणी हलवला?"

"कोण हलवणार? पोरं येतात, खेळतात, मॅडम."

पोरं खेळतात, हे खरंच होतं. पण मग पंधरा बिल्ल्यांतला माझाच का? मी तो पुन्हा खाली लावला, या वेळी जरा आपटून.

दुपारी खालच्या तळ्यावर उड्यांचा खेळ सुरू झाला. वितळलेल्या पाण्याचं डबकं, वरून सुसाट यायचं आणि स्कीवरून पलीकडं निघायचं. बहुतेक सगळे मधेच बुडतात, म्हणून तर बघायला गर्दी. वेन शेवंडीचा वेश करून आला होता, लाल नांग्या लावून. पेपेर छत्रीखाली बसून प्रत्येक बुडणाऱ्याला गुण देत होते. मी तीनपर्यंत वर होते, मग भिजून चिंब होऊन लॉजमध्ये मोजे वाळवत बसले. चारला लिफ्टची करकर थांबली. तो थांबण्याचा आवाज मी झोपेतही ओळखीन.

तळ्याकडं गेले. वेन ओलाकच्च, नांग्या लोंबत.

"मार्गो कुठंय?"

"तुझ्याबरोबर ना?"

"तुझ्याबरोबर ना!"

हे प्रत्येक घरात होतं, प्रत्येक डोंगरावर होतं. पेपेरनी छत्री मिटली.

"ती तर शेवटच्या खुर्चीनं वर गेली, जिनेट," ते म्हणाले. "म्हणाली, आईला डीकनवर गाठते. तू वर नव्हतीस?"

५

टेट तेवढ्यात खाली आला. मी त्याला तिथंच अडवलं.

"डीकनची फेरी कुणी मारली?"

"मीच. मोकळा आहे, मॅडम."

"तिसऱ्या वळणावर थांबलास? दहा मोजलेस?"

तो तळ्याकडं बघायला लागला. उड्यांचा शेवटचा फेरा चालला होता. "थांबलो ना. म्हणजे... पाच-सहा मोजले असतील."

त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. पण मला तो अधिकार कुठला? पाच-सहा तरी त्यानं मोजले होते. मी चारवर थांबले होते.

"माझी मुलगी वर आहे. मी डीकननं चढते. तू माझ्या नवऱ्याला घेऊन बर्फगाडीनं माथ्यावर जा आणि बाकीचे उतार बघ."

"बंद झाल्यावर कुणालाच वर सोडत नाहीत, मॅडम. नियम आहे."

"नियम मला शिकवू नकोस! पोलिसांना बोलवायचं तर बोलव. ते येईपर्यंत मी वर असेन."

वेन नांग्यांसकट बर्फगाडीवर बसला. मी स्की खांद्यावर टाकल्या आणि निघाले. मागून पेपेर ओरडले, "जा, पोरी! मी इथून हलत नाही!"

६

बुटांनी ओल्या बर्फात चढायचं म्हणजे दोन पावलं वर, एक खाली. पहिलं वळण. ओरडले, दहा मोजले. काही नाही. दुसरं वळण. काही नाही. तिसऱ्याला पोचले तेव्हा छाती फुटायला आली होती. उतरताना डावीकडे लागणारी ती झाडं धुक्यात नुसती काळी दिसत होती.

"मार्गो!"

दहा मोजले. वीस. शंभर. पाणी गळण्याचा आवाज, बाकी शुकशुकाट. शहाणपण सांगत होतं की ती दुसऱ्या उतारानं उतरली असेल, आत्ता लॉजमध्ये चॉकलेट पीत असेल. चल खाली. पण पाय हलेनात, आणि मी त्यांना हलवणारही नव्हते.

"ऐक रे," मी डोंगराला म्हटलं. दात वाजत होते, तरी म्हटलं. "एकदा तू मला पळवलंस. आता काय वाटेल ते कर. सकाळपर्यंत उभी राहीन, उद्या राहीन. पोर घेतल्याशिवाय मी इथून जाणार नाही. समजलं?"

तेव्हा वरून स्कीच्या कडा घासल्याचा आवाज आला.

वळणाच्या वरच्या काठावर एक लाल जाकीट येऊन थांबलं. गस्तीचं, पाठीवर पांढरा क्रॉस असायचा त्या जुन्या पद्धतीचं. मला वाटलं टेट कुणाला तरी घेऊन आला. मी हात वर केला. जाकिटानं माझ्याकडं बघितलं नाही. धुक्यात तोंड दिसत नव्हतं. फक्त एक बाई आहे, तरुण आहे, आणि वजन उजव्या पायावर टाकून उभी आहे, एवढं कळत होतं. डावा गुडघा माझाही तेव्हा दुखायचा.

"बंद होतंय! कुणी आहे का?"

आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ओळखू येत नाही म्हणतात. मला आला.

आणि त्याच काळ्या झाडांतून, खालून, बारीक, रडवेला आवाज आला. "आहे! थांब ना!"

मार्गो. माझी मार्गो.

क्षणात सगळं कळलं. त्या दिवशी कुणी हरवलं कसं नव्हतं, तेही कळलं. जी हाक मारत होती, ती तेव्हा जन्मलीच नव्हती. पुढं काय होणार तेही मला ठाऊक होतं, म्हणून मी ओठ घट्ट मिटले, हातमोजा दातांत धरला. मी ओरडले नाही तर ती भिणार नाही, ती झाडांकडं वळेल. वळत होतीच ती. खरंच वळत होती. पण तिचा हात नुसता छातीवरच्या वॉकीटॉकीकडं सरकला आणि माझ्या डोक्यात एकोणीस वर्षांचा संताप उसळला. माझी पोर खाली रडतेय आणि ही बया 'मोकळा' सांगायला हात उचलतेय?

"जाऊ नकोस!"

घोगरा, फाटका आवाज. तो माझ्याच घशातून निघाला होता.

लाल जाकीट दचकलं. माझ्या दिशेनं बघितलं, आरपार बघितलं. मग वळलं आणि पळालं. माझ्या अंगावरून गार वारा गेला, कडांची घासट खाली खाली गेली, आणि धुक्यातून शब्द आले, "डीकन मोकळा."

"जा!" मी तिच्या पाठीवर ओरडले. "जा, भित्रे! मला नकोयस तू!"

आणि मी झाडांत शिरले.

७

एका म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्याभोवती बर्फ खचून खड्डा झाला होता. मार्गो त्यात काखेपर्यंत रुतली होती, एक स्की फांदीत अडकलेली. असल्या खड्ड्यात जेवढी धडपड करावी तेवढं माणूस आत जातं. हे तिला मीच शिकवलं होतं, आणि शहाणी पोर हलली नव्हती. ओठ निळे पडले होते. मी पालथी पडून तिच्या स्कीचा खटका सोडवला, तिच्या काखेत हात घातले आणि ओढली. कशी निघाली, देव जाणे. निघाली.

तिला जाकिटात घेतलं, तिचे हात माझ्या पोटावर धरले. जरा वेळानं ती बोलली.

"केव्हाची हाका मारतेय मी!"

"मी केव्हाची ओरडत होते, मला काहीच ऐकू आलं नाही गं."

"नाही कसं? पहिल्यांदा आलीस तेव्हा ऐकलंस की. मी 'थांब ना' म्हटलं, आणि तू निघून गेलीस."

मी निळं जाकीट घातलं होतं. ती माझ्या बाहीकडं बघत होती.

"तू लाल घातलं होतंस," ती म्हणाली. "का गेलीस, आई?"

खोटं बोलता आलं असतं. तुला भास झाला, थंडीनं असं होतं, हे म्हणायला किती सोपं. पण या उतारावर एकदा बोललेलं खोटं मला पुरलं होतं.

"घाबरले होते," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"आता?"

"आताही घाबरलेय. पण आता गेले नाही ना?"

तिनं विचार केला आणि मान हलवली. मग विचारलं, हॉट डॉग मिळेल का. तेव्हा कुठं माझ्या जीवात जीव आला.

बर्फगाडी आमच्या आवाजावर आली. शेवंडीच्या नांग्यांनी वेननं पोरीला मिठी मारली. खाली पेपेर खरंच जागचे हलले नव्हते, त्यांच्या पायाशी पावसाच्या पाण्याचं तळं साठलं होतं. चौकीत टेटनं मार्गोला पांघरुणात गुंडाळलं, गुडघा तपासला. मुरगळला होता, मोडला नव्हता. तो माझ्याकडं बघत नव्हता.

मी फळ्याकडं बघितलं.

माझा बिल्ला खालच्या खिळ्यावर होता. सकाळी मी लावला होता तसाच, असं वाटलं असतं. पण बाकीच्या बिल्ल्यांवर धूळ होती आणि हा ओला होता. पितळेवर पाण्याचे थेंब होते आणि भोकाच्या कडेला अजून न विरघळलेला बर्फाचा दाणा. खाली फरशीवर टिपटिप चाललं होतं.

"टेट, इथं आत्ता कोण आलं होतं?"

"कुणीच नाही, मॅडम. चौकी बंद होती. किल्ली माझ्याच खिशात."

बिल्ला हातात घेतला. इतका गार की अंगठा चिकटला.

"सूनबाई," पेपेर हळूच म्हणाले, "काल म्हटलं ना मी, सुटली म्हणून?"

"नाही सुटली, पेपेर."

मी बिल्ला बाहीला पुसला, कोरडा केला आणि परत वरच्या खिळ्याला अडकवला. खोटं बोलून उतरलेल्याला आमच्यात खाली आलेला मानत नाहीत.